त्याच्या जागी दुसरा कोणी असता तर? : ट्रॅकिंग डेटावरून बास्केटबॉलपटूंचं मोजमाप

बास्केटबॉलच्या ट्रॅकिंग डेटाची फाइल पहिल्यांदा उघडणाऱ्याचा बहुधा विरसच होतो. शॉट, पास, बचाव, चूक असं काही तिथे लिहिलेलं नसतं. असतात ते नुसते आकडे. त्या क्षणी दहा खेळाडू कोर्टवर कुठे उभे होते, चेंडू कुठे होता आणि किती उंचीवर होता, एवढंच. सर्वांना मिळू शकणाऱ्या जुन्या फाइलींत अशा सेकंदाला २५ नोंदी, म्हणजे चौकटी. ४८ मिनिटांच्या सामन्यात ७२ हजार चौकटी होतात आणि प्रत्येक चौकटीत दहा खेळाडू, म्हणजे एका सामन्यात खेळाडूंच्या सात लाख वीस हजार जागा. एनबीएच्या पूर्ण नियमित हंगामात १,२३० सामने असतात. गुणाकार तुम्हीच करा.

हा डेटा येतो छताजवळ लावलेल्या कॅमेऱ्यांतून. स्पोर्टव्हीयू नावाची ही यंत्रणा मूळची इस्रायलची. क्षेपणास्त्रांचा माग काढण्याच्या तंत्राशी तिचं नातं आहे. स्टॅट्स या अमेरिकन कंपनीने ती घेतली, काही मोजक्या संघांनी आधी वापरून पाहिली आणि २०१३-१४च्या हंगामापासून एनबीएच्या सर्व स्टेडियममध्ये सहा-सहा कॅमेरे बसले. २०१७-१८पासून हे काम सेकंड स्पेक्ट्रमकडे गेलं आणि २०२३-२४पासून हॉक-आयकडे आलं. पायचीतच्या निर्णयावर वाद घालताना आपण ज्याचं नाव घेतो, तेच हे हॉक-आय. आता नुसता खेळाडूचा ठिपका नाही, तर त्याच्या शरीरावरच्या २९ जागा टिपल्या जातात.

हा लेख आहे तो थोडं संख्याशास्त्र आणि थोडं प्रोग्रामिंग येणाऱ्या, रिग्रेशन म्हणजे काय हे माहीत असलेल्या आणि बास्केटबॉल आवडीने पाहणाऱ्या वाचकांसाठी. महाविद्यालयात डेटा सायन्सचा प्रकल्प शोधणाऱ्यांना यापेक्षा चांगला विषय सापडणं कठीण. मात्र एक गोष्ट सुरुवातीलाच मनाशी पक्की करा. कॅमेरे फक्त काय घडलं ते सांगतात. खेळाडू किती चांगला, हे ठरवायला जे घडलं नाही तेही लागतं. त्याच क्षणी, त्याच जागी, समोर तोच बचाव असताना एखादा साधारण एनबीए खेळाडू असता तर काय झालं असतं? मोजमापाची प्रत्येक पद्धत या प्रश्नाचं आपापल्या परीने उत्तर देते. हा प्रश्न नीट न विचारता भारी अल्गोरिदम चालवले, तर जे खेळाडू सोप्या परिस्थितीत खेळतात तेच यादीत वर येतात.

आधी डेटा कुठून मिळवायचा ते सांगतो. प्रत्येक चौकटीचा कच्चा डेटा एनबीए सर्वांना देत नाही, तो संघांकडे राहतो. लीगच्या अधिकृत आकडेवारीत मात्र २०१३-१४पासून या डेटाचे गोषवारे असतात. कोण किती अंतर धावला, किती वेळा चेंडू हाताळला, शॉट घेताना जवळचा बचावपटू किती फुटांवर होता, वगैरे. बचावपटू दोन फुटांच्या आत, दोन ते चार, चार ते सहा आणि सहा फुटांपलीकडे असे चार गट तिथे पाडलेले आहेत. याशिवाय २०१४-१५च्या हंगामातली सुमारे १ लाख २८ हजार शॉटची यादी आणि २०१५-१६च्या पहिल्या टप्प्यातल्या सामन्यांच्या कच्च्या फाइली हौशी लोकांनी जपून ठेवल्या आहेत. सरावासाठी एवढं पुष्कळ आहे. शिकायचं असेल तर शॉटची यादी घ्या. कच्च्या फाइलींना लगेच हात घालायची घाई करू नका.

कच्च्या फाइलीची डागडुजी

कच्च्या फाइलीला हात घातलाच, तर निम्मा वेळ साफसफाईत जातो. ही तक्रार नाही, कामाचं स्वरूपच तसं आहे. पहिलं काम म्हणजे दिशा. संघ मध्यंतरानंतर बाजू बदलतात, म्हणून प्रत्येक आक्रमण एकाच रिंगकडे चाललं आहे असं होईल अशा बेताने निर्देशांक फिरवून घ्या. कोर्ट ९४ फूट लांब आणि ५० फूट रुंद असतं. अर्ध्या कोर्टाचा एकच नकाशा हाती असला की पुढचं सगळं सोपं होतं.

दुसरी अडचण घड्याळाची. शॉट कोणी घेतला, पडला की हुकला, हे सामन्याच्या लेखी नोंदीतून येतं आणि ती नोंद माणूस करतो. बटण दाबेपर्यंत थोडा वेळ जातोच. त्यामुळे नोंदीतली वेळ आणि कॅमेऱ्याची वेळ सरळ जोडलीत, तर शॉट घेण्याच्या क्षणाऐवजी चेंडू रिंगवर आदळल्याचा किंवा त्यानंतरचा क्षण हाती लागतो आणि बचावपटूचं अंतर साफ चुकतं. यावर उपाय चेंडूच्या उंचीत आहे. रिंग दहा फुटांवर असते. नोंदलेल्या वेळेच्या आसपास चेंडू दहा फुटांच्या वर जाऊन रिंगकडे निघालेला क्षण शोधा आणि तिथून मागे येत चेंडू आणि शॉट घेणारा एकमेकांपासून अलग झाले ती चौकट पकडा. दोन-तीन सामन्यांत व्हिडिओशी ताडून पाहिलं की नियम कुठे फसतो ते कळतं.

तिसरी गोष्ट वेगाची. जागेतल्या बारीक चुका वेग काढताना प्रचंड फुगतात. दोन लागोपाठच्या चौकटींत जागा फक्त १० सेंटीमीटरने चुकली, तरी सेकंदाला अडीच मीटरचा खोटा वेग दिसतो. उभा असलेला खेळाडू कागदावर धावायला लागतो. म्हणून आधी जागा गुळगुळीत करून घ्या. त्यासाठी काल्मन फिल्टर वापरा किंवा साधी सरकती बहुपदी. मगच वेग काढा. प्रवेगाच्या वाटेला तर सुरुवातीला जाऊच नका. रिंगखालच्या गर्दीत दोन खेळाडूंच्या ओळखीची अदलाबदल होते, तीही याच टप्प्यावर सापडते, कारण कुणीतरी एका चौकटीत आठ फूट उडी मारलेली दिसते.

शॉटपासून सुरुवात करा

पहिलं मॉडेल शॉटचंच असावं. प्रश्न स्वच्छ आहे, उत्तर पडला किंवा हुकला यांपैकी एक आहे आणि डेटा भरपूर आहे. रिंगपासूनचं अंतर, कोन, जवळच्या बचावपटूचं अंतर, चेंडू हातात किती वेळ होता, त्याआधी किती ड्रिबल झाले, शॉट क्लॉकवर किती सेकंद उरले होते, हे घटक घ्या आणि लॉजिस्टिक रिग्रेशनने शॉट पडण्याची संभाव्यता काढा. अंतराचा परिणाम सरळ रेषेत जात नाही, म्हणून तिथे स्प्लाइन वापरा. निर्णयवृक्षांवर आधारलेलं बूस्टिंग वापरलंत तरी हरकत नाही, पण साधं मॉडेल आधी करून ठेवा, म्हणजे भारी मॉडेलने नेमकं काय जास्त दिलं ते कळेल.

इथे नवख्याला एक कोडं पडतं. बचावपटूचं अंतर आणि शॉट पडण्याचं प्रमाण एवढेच दोन रकाने समोरासमोर ठेवले, तर अपेक्षेइतका संबंध दिसतच नाही. बचावपटू जवळ असला काय, लांब असला काय, फारसा फरक पडत नाही असं वाटू लागतं. कारण उघड आहे. रिंगजवळ बचावपटू अंगावरच असतात, तरी तिथून शॉट पडतात. मोकळे शॉट बहुतेक लांबून मिळतात आणि लांबचे शॉट कमी पडतात. रिंगपासूनचं अंतर मॉडेलमध्ये घेतलं की बचावपटूचा परिणाम जागेवर येतो. उरलेल्या गुंत्याचंही भान ठेवा. उत्तम नेमबाजाला कुणी मोकळा सोडत नाही, म्हणून मोकळे शॉट घेणाऱ्यांत कच्च्या नेमबाजांचा भरणा असतो. यासाठी प्रत्येक खेळाडूचा स्वतःचा परिणाम मॉडेलमध्ये घालावा लागतो. संख्याशास्त्रात त्याला मिश्र परिणामांचं मॉडेल म्हणतात.

मॉडेल बसलं की प्रत्येक शॉटचे अपेक्षित गुण काढा. ३६ टक्के शक्यता असलेल्या तीन गुणांच्या शॉटचं मोल १.०८ गुण आणि ५० टक्के शक्यता असलेल्या दोन गुणांच्या शॉटचं १ गुण. मिळालेले गुण वजा अपेक्षित गुण, ही खेळाडूची नेमबाजी. समजा, दोन खेळाडू दोन गुणांचे ४५ टक्के शॉट पाडतात. एकाच्या शॉटची अपेक्षा ४१ टक्के होती, दुसऱ्याची ४९. नेहमीच्या तक्त्यात दोघे सारखे. पण ५०० शॉटमध्ये पहिल्याने अपेक्षेपेक्षा ४० गुण जास्त मिळवले आणि दुसऱ्याने ४० कमी. क्रिकेटमध्ये पाटा खेळपट्टीवरचं आणि पहिल्या दिवशी सकाळी दमट खेळपट्टीवर काढलेलं अर्धशतक आपण एका मापाने मोजत नाही, तसंच हे.

आता या कामातला सर्वांत अवघड निर्णय. कुठला घटक परिस्थिती म्हणून धरायचा आणि कुठला खेळाडूची करणी? समजा, एखाद्याने सात वेळा ड्रिबल करत शॉट क्लॉक संपवत आणला आणि शेवटी अंगावर बचावपटू असताना शॉट घेतला. ड्रिबल, शॉट क्लॉक, बचावपटूचं अंतर हे सगळं तुम्ही परिस्थितीत धरलं, तर मॉडेल म्हणेल की शॉट अवघड होता, त्यामुळे हुकला तरी त्याचा दोष फारसा नाही. पण ती अवघड परिस्थिती त्यानेच ओढवून घेतली होती! म्हणून दोन आकडे वेगळे ठेवावेत. एक, त्याला मिळालेल्या किंवा त्याने निवडलेल्या शॉटचा दर्जा. दुसरा, त्या दर्जाच्या तुलनेत त्याने केलेली कामगिरी. हे दोन्ही एकत्र करून एकच गुणांक द्यायचा मोह होतो. तो टाळा. कोपऱ्यातून तीन गुणांची रेषा २२ फुटांवर आहे, समोरून २३ फूट ९ इंचांवर. कोपऱ्यात जाऊन थांबणारा खेळाडू पावणेदोन फुटांची सवलत स्वतःच्या समजुतीने मिळवतो. त्याचं श्रेय पहिल्या आकड्यात दिसायला हवं.

अपेक्षा मोजल्याने निष्कर्ष किती बदलू शकतो याचं उत्तम उदाहरण म्हणजे ‘गरम हाता’चा वाद. लागोपाठ शॉट पडले की पुढचाही पडण्याची शक्यता वाढते, असं खेळाडूंना आणि प्रेक्षकांना नेहमीच वाटत आलं आहे. १९८५मध्ये गिलोविच, वालोन आणि ट्वर्स्की यांनी हा भ्रम असल्याचं मांडलं आणि ते पाठ्यपुस्तकांत जाऊन बसलं. २०१४मध्ये बोक्सकॉक्सी, इझिकोवित्झ आणि स्टाइन यांनी २०१२-१३च्या हंगामातले सुमारे ८३ हजार शॉट ट्रॅकिंग डेटातून तपासले. शॉट पडत असलेला खेळाडू पुढचे शॉट अधिक लांबून आणि अधिक कडक बचावात घेतो, असं त्यांना आढळलं. ही वाढलेली अवघडता हिशेबात घेतल्यावर गरम हाताचा छोटासा, टक्का-दोन टक्क्यांच्या घरातला परिणाम दिसू लागला. कच्च्या टक्केवारीत तो लपलेला होता.

थोड्या शॉटवर मोठा निष्कर्ष नको

ट्रॅकिंग डेटाचा आकार पाहून नमुना मोठा आहे असं वाटतं. तसं नसतं. चौकटी लाखो असल्या तरी एका खेळाडूचे कोपऱ्यातले मोकळे शॉट हंगामभरात शे-दीडशेच असतात आणि लागोपाठच्या चौकटी जवळपास सारख्याच असल्याने त्यांतून नवी माहिती मिळत नाही. २०० शॉटमध्ये ३६ टक्के पाडणाऱ्याची प्रमाण त्रुटी सुमारे ३.४ टक्के येते. म्हणजे त्याची खरी क्षमता २९पासून ४३ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकते. या पट्ट्यात साधारण नेमबाजही बसतो आणि लीगमधला उत्कृष्टही.

उपाय आहे आकडा सरासरीकडे खेचण्याचा. लीगची सरासरी ३६ टक्के आहे आणि ती २५० शॉटच्या वजनाची आहे असं धरू. नव्या खेळाडूने १०० पैकी ४० पाडले. त्याच्या ४०मध्ये सरासरीचे ९० मिळवा आणि १००मध्ये २५०. १३० भागिले ३५०, म्हणजे ३७.१ टक्के. हा तुमचा अंदाज. ४० टक्क्यांची बातमी होते, ३७.१ची होत नाही, पण पुढच्या हंगामाचा अंदाज करायला बहुधा ३७.१च जवळचं ठरतं. वजन किती धरायचं ते मनाने ठरवू नका, मिश्र मॉडेल ते डेटावरूनच काढून देतं. शक्य असेल तर सगळ्यांना एकाच सरासरीकडे न खेचता त्या-त्या प्रकारच्या खेळाडूंच्या सरासरीकडे खेचा. सात फुटी सेंटर आणि सहा फुटी गार्ड यांना तीन गुणांच्या शॉटसाठी एकच सरासरी लावणं अन्यायाचं होईल.

बचाव : जे घडलं नाही त्याचा हिशेब

बचाव मोजण्यासाठीच ट्रॅकिंग डेटाची खरी गरज आहे, असं माझं मत आहे. आक्रमणाचं मोजमाप त्याआधीही बऱ्यापैकी होत होतं. बचावाचं मात्र स्टील, ब्लॉक आणि रिबाउंड या तीन रकान्यांत आटपत होतं. मायकल लुईस यांनी २००९मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या नियतकालिकात ह्यूस्टन रॉकेट्सच्या शेन बॅटिएवर लेख लिहिला, तो गाजला याच कारणाने. तक्त्यात बॅटिए सामान्य दिसायचा, पण तो कोर्टवर असताना संघ चांगला खेळायचा. त्याचं काम होतं समोरच्या मोठ्या खेळाडूला त्याच्या नावडत्या जागी नेऊन शॉट घ्यायला लावण्याचं. असं काम नोंदवायला तक्त्यात रकानाच नव्हता.

कोण कुणाला अडवतोय हे डेटात लिहिलेलं नसतं, ते ओळखावं लागतं. फ्रँक्स, मिलर, बॉर्न आणि गोल्ड्सबेरी यांच्या २०१५च्या शोधनिबंधाने यासाठी सुरेख युक्ती वापरली. बचावपटू ज्याला अडवतो त्याच्या थेट अंगावर नसतो. तो त्याच्या, रिंगच्या आणि चेंडूच्या मध्ये कुठेतरी असतो. कुठे, ते डेटावरून काढल्यावर वजनं आली ती अशी : आक्रमकाच्या जागेला ०.६२, रिंगला ०.२७ आणि चेंडूला ०.११. ही सरासरी जागा धरून प्रत्येक क्षणी कोण कुणावर आहे, हे छुप्या मार्कोव्ह मॉडेलने ठरवायचं. बचावपटू आपला खेळाडू क्षणाक्षणाला बदलत नाहीत, स्क्रीन आली की बदलतात, ही गोष्टही त्या मॉडेलमध्ये आपोआप येते. तुम्हाला हे करून पाहायचं असेल, तर सुरुवात म्हणून ही तीन वजनं जशीच्या तशी घ्या आणि प्रत्येक बचावपटूला सर्वांत जवळ बसणारा आक्रमक जोडून द्या. सगळे चुकीचे बदल निघणार नाहीत, पण व्हिडिओशी ताडता येईल इतपत काम होतं.

जोड्या लागल्या की दोन वेगळे प्रश्न विचारा. या बचावपटूसमोर आक्रमकाने नेहमीपेक्षा किती कमी शॉट घेतले? आणि जे घेतले त्यांतले अपेक्षेपेक्षा किती कमी पडले? पहिला प्रश्न लोक विसरतात. गोल्ड्सबेरी आणि वाइस यांनी २०१३मध्ये रिंगजवळच्या बचावाचा अभ्यास मांडला, त्याला नावच दिलं होतं ड्वाइट हॉवर्डचं. हॉवर्ड आत उभा असला की प्रतिस्पर्धी रिंगजवळ शॉट घ्यायचंच टाळायचे आणि लांबून कमी फायद्याचे शॉट घ्यायचे. न घेतलेल्या शॉटची टक्केवारी निघत नाही. केवळ ‘याच्यासमोर किती टक्के शॉट पडले’ एवढंच पाहणाऱ्याला हॉवर्डची अर्धी किंमत दिसतच नाही.

अधिकृत आकडेवारीतला ‘बचावलेल्या शॉटची टक्केवारी’ हा रकाना म्हणूनच जपून वापरा. शॉटच्या क्षणी जो जवळ, त्याच्या नावावर तो शॉट जातो. गार्ड चकला, आक्रमक मोकळा आत घुसला, सेंटर आपला खेळाडू सोडून धावत आला आणि अर्धा पोचला, तर पडलेला शॉट सेंटरच्या नावावर. मदतीला न आलेला सेंटर मात्र स्वच्छ राहतो! तीन गुणांच्या शॉटबाबत तर हा रकाना आणखी फसवा आहे. लांबचा शॉट हातातून सुटल्यावर तो पडणार की नाही, यावर बचावपटूचा ताबा फार थोडा असतो. तो शॉट घेऊच न देणं त्याच्या हातात जास्त असतं. म्हणून लांबच्या शॉटसाठी ‘किती घेऊ दिले’ हे मोजा आणि ‘किती पडले’ याला कमी वजन द्या.

या सगळ्याच्या जोडीला खेळाडू कोर्टवर असताना आणि नसताना संघाच्या गुणांत पडणारा फरक, म्हणजे प्लस-मायनस, ठेवा. नुसता नको, सोबतचे नऊ खेळाडू कोण होते हे रिग्रेशनने वजा करून. नेहमी एकत्र खेळणाऱ्या दोघांचं श्रेय वेगळं करणं साध्या रिग्रेशनला जमत नाही, म्हणून रिज रिग्रेशन वापरतात. प्लस-मायनस कारण सांगत नाही, ट्रॅकिंग सांगतं. ट्रॅकिंगला सगळं दिसत नाही, प्लस-मायनसमध्ये सगळं मिसळलेलं असतं. दोन्ही एकाच दिशेने बोलले तर विश्वास ठेवा. विरुद्ध बोलले तर व्हिडिओ उघडा.

क्षणाक्षणाचं मोल

या क्षेत्रातलं सर्वांत महत्त्वाकांक्षी मॉडेल हार्वर्डमधल्या गटाने २०१४मध्ये मांडलं. सर्व्होन, डिअमोर, बॉर्न आणि गोल्ड्सबेरी हे त्याचे लेखक. चेंडू ताब्यात असताना प्रत्येक क्षणी त्या ताब्यातून किती गुण अपेक्षित आहेत हे ते सांगतं. पास दिला, आकडा वर गेला. उगाच ड्रिबल केला, खाली आला. शेवटी शॉट पडला की हुकला यावर निर्णयाचं मोल ठरत नाही. आत शिरून कोपऱ्यातल्या मोकळ्या खेळाडूला चेंडू देणाऱ्याचा पास पुढच्याचा शॉट हुकला तरी चांगलाच राहतो. खेळाडूचं मोजमाप करताना त्याच्या जागी सरासरी खेळाडूच्या हाती चेंडू असता तर काय अपेक्षित होतं, ते वजा केलं जातं. हे मॉडेल दोन थरांत चालतं. खेळाडूंच्या बारीक हालचाली एका थरात. पास, शॉट, चेंडू गमावणं अशा मोठ्या उड्या दुसऱ्या थरात. मर्यादाही स्पष्ट आहे. श्रेय ज्याच्या हाती चेंडू आहे त्यालाच मिळतं, स्क्रीन लावणाऱ्याला किंवा बचावपटूला नाही.

 

हे पूर्ण मॉडेल घरच्या लॅपटॉपवर पहिल्याच फटक्यात बांधायला जाऊ नका. त्याची छोटी आवृत्ती बांधा. अर्ध्या कोर्टाचे सहा-सात भाग करा. चेंडू कुठल्या भागात आहे आणि जवळचा बचावपटू पाच फुटांच्या आत आहे की नाही, एवढ्यावरून स्थिती ठरवा. एका स्थितीतून दुसऱ्या स्थितीत, शॉटकडे किंवा चेंडू गमावण्याकडे जाण्याच्या संभाव्यता मोजा. ही साधी मार्कोव्ह साखळी. प्रत्येक स्थितीचं अपेक्षित मोल एका समीकरणसंचातून निघतं. मग एखाद्या खेळाडूच्या हाती चेंडू आल्यावर आणि त्याने तो सोडल्यावर मोल किती बदललं, ते पाहा. ढोबळ असली तरी पास देणाऱ्यांची गुणवत्ता असिस्टच्या रकान्यापेक्षा यातून पुष्कळ चांगली कळते, कारण असिस्टला पुढच्याचा शॉट पडावा लागतो.

तुमचा आकडा खरंच काही सांगतो का?

नवं माप तयार झालं की त्याच्या प्रेमात पडायला वेळ लागत नाही. फ्रँक्स, डिअमोर, सर्व्होन आणि बॉर्न यांनी २०१६मध्ये मापांचंच माप कसं काढायचं ते लिहून ठेवलं आहे. ते माप खेळाडू-खेळाडूंतला खरा फरक दाखवतं की योगायोगाचा? एका हंगामातून दुसऱ्या हंगामात ते टिकतं का? आणि आधीच्या मापांनी न सांगितलेलं काही सांगतं का? शेवटच्या प्रश्नावर बरीच मापं गारद होतात. मैलांत मोजलेली धाव हे त्याचं ठळक उदाहरण. ती हंगामागून हंगाम सारखी राहते, म्हणून दिसायला भक्कम, पण बहुतांशी ती खेळाडू किती मिनिटं खेळला आणि कुठल्या जागी खेळतो एवढंच सांगते.

मॉडेल तपासताना डेटाचे दोन भाग सामन्यांनुसार किंवा तारखेनुसार पाडा, चौकटींनुसार कधीच नाही. एकाच सेकंदातली एक चौकट प्रशिक्षणात आणि शेजारची परीक्षेत गेली, तर पेपर फुटल्यासारखंच झालं. पहिल्या अर्ध्या हंगामावर मॉडेल बसवा, दुसऱ्यावर तपासा. मॉडेलने ज्या शॉटना ४० टक्के म्हटलं त्यांतले खरोखर ४०च्या आसपास पडले का, हे गटागटाने पाहा. प्रत्येक खेळाडूच्या आकड्याभोवतीची अनिश्चितता काढायला बूटस्ट्रॅप पुरेसा आहे, मात्र फेरनिवड सामन्यांची करा, शॉटची नको. एका सामन्यातले शॉट एकमेकांपासून स्वतंत्र नसतात.

तुमचं काम प्रशिक्षकापुढे ठेवायची वेळ आली, तर क्रमवारी देऊ नका. अकराव्या आणि एकोणिसाव्या क्रमांकातला फरक बहुतेक वेळा त्रुटीच्या पट्ट्यातच असतो, पण कागदावर क्रमांक छापला की लोक त्यालाच चिकटतात. ‘शंभर ताब्यांमागे अपेक्षेपेक्षा एक ते तीन गुण जास्त’ असं लिहा आणि सोबत त्या आकड्याला कारण ठरलेल्या आठ-दहा क्षणांचा व्हिडिओ जोडा. प्रशिक्षक आकडा विसरतील, व्हिडिओ विसरणार नाहीत. त्यांनी ‘इथे तर मी त्याला सोडून यायलाच सांगितलं होतं’ असं म्हटलं तर ते लिहून घ्या. संघाची योजना डेटात नसते, ती अशीच कळते.

आता कामाला लागा. २०१४-१५ची शॉटची यादी घ्या, अंतर आणि बचावपटू या दोनच घटकांचं मॉडेल बसवा आणि तुम्ही ज्याचा खेळ बारकाईने पाहिला आहे असा एकच खेळाडू निवडा. मॉडेलचा आकडा पाहण्याआधी तुमचा स्वतःचा अंदाज कागदावर लिहून ठेवा. मग दोन्ही शेजारी ठेवा आणि फरक जिथे सर्वांत मोठा आहे, ते शॉट आधी तपासा.